बर्फ न पडलेल्या जानेवारीतलं श्रीनगर: एका कुटुंबाच्या तीन रात्रींचं प्रकरण

ठाण्याचं चौघांचं कुटुंब. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी चौथीत आणि नवऱ्याची आई. आजींचं वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे, आहार पूर्ण शाकाहारी. जानेवारी २०२४ मध्ये संक्रांतीनंतरचा गुरुवार ते रविवार, तीन रात्री श्रीनगरला काढायच्या होत्या. विमानाची तिकिटं दिवाळीच्या आधीच काढलेली. जायचं कशासाठी, यावर घरात मतभेद नव्हता: बर्फ. मुलीने वर्गात सांगूनही टाकलं होतं.

मी छोट्या कौटुंबिक सहलींचे आराखडे करून देते. हे लोक माझ्याकडे आले ते निघायच्या आठवडाभर आधी, कारण तोपर्यंत गुलमर्गच्या तपकिरी उतारांचे फोटो सगळीकडे फिरायला लागले होते. ऐन जानेवारीत तिथे बर्फ नव्हता. काश्मीरच्या हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवेच्या पट्ट्यांवर, अवलंबून असतो. त्या वर्षी डिसेंबरपासून हे विक्षोभ एकतर आलेच नाहीत, किंवा आले ते हलकेच शिंपडून गेले. खोऱ्यात ठिकठिकाणी पावसासाठी सामुदायिक नमाज पढली जात होती. झेलम आटली होती, सफरचंदवाले हवालदिल होते. पर्यटकाचा हिरमोड हा या सगळ्यातला सर्वात लहान भाग, हे आधीच सांगून ठेवते.

त्यांचा प्रश्न सरळ होता: रद्द करायचं की जायचं? रद्द केलं तर तिकिटांचे फारसे पैसे परत मिळणार नव्हते. मी जा म्हटलं, पण आराखडा बदलून.

मूळ आराखडा कुठल्याही पॅकेजमध्ये असतो तोच होता. पहिल्या दिवशी शिकारा आणि मुघल बागा, दुसऱ्या दिवशी गुलमर्ग, तिसऱ्या दिवशी पहलगाम, चौथ्या दिवशी परत. एप्रिलमध्ये हा चालून जातो. जानेवारीत तो घड्याळावरच आपटतो. त्या दिवसांत श्रीनगरला सूर्य उगवतो साडेसातनंतर आणि मावळतो पावणेसहाच्या सुमारास. त्यातही अंगाला लागेल असं ऊन साधारण साडेदहा ते साडेतीन. सकाळी डोंगरांमध्ये धुकं आणि धूर कोंडलेला असतो, आणि चारनंतर सावलीत गेलात की हवा चावायला लागते. म्हणजे दिवसाचे कामाचे तास पाच. पहलगाम नव्वदेक किलोमीटरवर. जाऊन-येऊन तेवढेच तास गाडीत. ज्या उन्हासाठी दिवसभर जीव टाकायचा, ते काचेतून बघायचं. चिनार बोडके आणि कारंजी बंद असताना निशात-शालिमारमध्ये तासभर हिंडण्यातही मला राम वाटत नाही. जहांगीरने शालिमार हिवाळ्यासाठी लावली नव्हती.

(पहलगामचं नाव आलं म्हणून एक खुलासा. हे प्रकरण एप्रिल २०२५ च्या आधीचं आहे. पहलगामजवळच्या बैसरनच्या हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यांत आपल्याकडचे सहा होते. आता जाणाऱ्याने सुरक्षिततेचा विचार वेगळा आणि त्या वेळची परिस्थिती बघूनच करावा. इथे मी फक्त थंडी आणि वेळ यांबद्दल लिहिते आहे.)

बर्फ नाही म्हणजे थंडी कमी असणार, असं समजून त्यांनी जाड कपडे कमी करायला घेतले होते. उलट असतं. आभाळ ढगाळ असलं की रात्री जमिनीची ऊब अडून राहते. आभाळ मोकळं असलं की ती निघून जाते. त्या आठवड्यात श्रीनगरच्या रात्री उणे चार-पाचच्या आसपास होत्या आणि दुपारी छान कोवळं ऊन होतं. त्याच दिवसांत जम्मू आणि दिल्ली धुक्यात गारठलेल्या. शिवाय ते जात होते चिल्लई कलानमध्ये. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे काश्मिरी हिवाळ्याचा कणा. नंतर वीस दिवसांचं चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. ज्या शहराने थंडीचं असं पंचांग मांडलंय, त्याने थंडीत जगायची तजवीजही केलेली असणार. बर्फ नसला तर आपण तीच तजवीज बघायला जाऊ, असं मी मुलीच्या आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मुलीला हे तुम्ही सांगाल का?" मी नाही सांगितलं.

मुक्काम कुठे, हा पहिला वाद. मुलीच्या वडिलांना हाउसबोट हवी होती. हाउसबोट सुंदर असते याबद्दल दुमत नाही, पण तिच्या भिंती लाकडाच्या, खाली गोठायला आलेलं पाणी, आणि बुखारी (खोली तापवायची शेगडी) साधारण झोपायच्या वेळेपर्यंतच पेटती राहते. पहाटे तीनला आजींना बाथरूमला उठायचं तर? किनाऱ्यावर यायला शिकारा लागतो, म्हणजे रात्री दवाखान्याची वेळ आली तर आधी नावाडी उठवा. म्हणून तिन्ही रात्री राजबाग भागातल्या हॉटेलात, खोली आतून गरम ठेवण्याची सोय आहे का हे विचारून, आणि हाउसबोटीवर फक्त दुपारचा चहा. वडिलांनी हे नाखुशीनेच मान्य केलं.

गुरुवारी विमान दुपारी उतरलं. त्या दिवशी बघण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं, फक्त खरेदी. एरवी खरेदी शेवटच्या दिवशी असते. थंड शहरात ती पहिल्या दिवशी करावी, कारण ठाण्यात घेतलेलं जॅकेट तिथल्या हवेला पुरत नाही हे तासाभरात कळतं. पोलो व्ह्यू या बाजाराचा रस्ता आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, फरशी सपाट आहे, त्यामुळे आजींना चालता आलं. तिथून लाल चौकाकडे जाताना आजींसाठी आणि मुलीसाठी फेरन घेतले. सैल, गुडघ्याच्या खाली जाणारा लोकरी झगा. हात बाह्यांमधून काढून आत पोटाशी घेता येतात, हातमोज्यांची गरज राहत नाही. आजींना तो इतका आवडला की साडीवरून घातलेला फेरन रविवारपर्यंत फक्त झोपताना उतरला.

हॉटेलच्या पोऱ्याने त्यांना कांगडीही आणून दिली. वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, आत निखारे. काश्मिरी माणूस ती फेरनच्या आत धरून रस्त्याने चालतो. पाहुण्याने ती खुर्चीत बसूनच वापरावी, मुलाच्या हातात देऊ नये, आणि अंथरुणात तर अजिबात नेऊ नये. पोटाशी कांगडी धरून झोपल्याने भाजलेले लोक तिथल्या डॉक्टरांना दर हिवाळ्यात बघावे लागतात.

त्या रात्री वीज गेली. खोऱ्यात हिवाळ्यात वीजकपात नेहमीची. गरम हवा बंद झाल्यावर पोऱ्या आपुलकीने गॅसचा हीटर घेऊन आला आणि खिडक्या घट्ट लावून गेला. मी आधीच बजावून ठेवलं होतं, म्हणून आईने खिडकी बोटभर उघडली, अर्ध्या तासाने हीटर बंद करून तो खोलीबाहेर ठेवला आणि गरम पाण्याच्या पिशव्या मागवल्या. हा भाग कुणी वरवर वाचू नये. बंद खोलीत जळणाऱ्या गॅसमुळे किंवा कोळशामुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, श्रीनगरच्या पांद्रेठण भागात एका भाड्याच्या घरात आई-वडील आणि तीन मुलं अशी पाच माणसं गुदमरून गेली. ती तर काश्मीरचीच होती. थंडीतल्या सहलीत खोकल्याची औषधं सगळे नेतात, हा विचार क्वचित कुणी नेतो.

शुक्रवारी पहाटे वडील एकटेच बाहेर पडले, हरीसासाठी. जुन्या शहरात आली कदलच्या बाजूला हरीसाची दुकानं आहेत. ओट्यात गाडलेल्या मोठ्या भांड्यात मटण आणि तांदूळ रात्रभर लाकडाच्या आचेवर शिजतात, बडीशेप, वेलची, लवंग घालून घोटून घोटून त्याचा लगदा होतो. वरून कडकडीत तेल ओततात आणि सोबत तंदूरची गिरदा रोटी. हा फक्त हिवाळ्यातला आणि फक्त सकाळचा पदार्थ. नऊ-दहानंतर भांडं रिकामं. सात वाजता दुकानात अजून दिवे लागलेले होते आणि बाकावर जागा नव्हती. वडिलांनी मला नंतर या सहलीतलं सर्वात चांगलं काय, तर हे सांगितलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. उजाडायच्या आधीची वेळ बाकी कशालाच उपयोगी नसते, आणि नेमकी तीच वेळ शहराने या पदार्थाला दिली आहे.

बाकीचे तिघं दहापर्यंत हॉटेलातच होते. अकराला शिकारा. दल सरोवराच्या कडेच्या, सावलीतल्या पाण्यावर काचेसारखी पातळ साय गोठलेली होती. नावाड्याने ती वल्ह्याने फोडत वाट काढली. हे मुलीचं पहिलं बर्फ. तिने तुकडे उचलून पाहिले, एक खिशात टाकला, आणि फेरन ओला झाल्यावर आजीकडून बोलणी खाल्ली. आतल्या पाण्यात नदरू काढणारे लोक होते. होडीत उभं राहून लांब काठीच्या आकड्याने तळातल्या चिखलातून कमळाचे देठ ओढून वर घेतात. हिवाळा हा त्याचा हंगाम. तासाभराने तीच भाजी जेवणात आली, दह्यातली नदरू यखनी. शाकाहारी माणसाचे श्रीनगरात हाल होतात ही समजूत खरी नाही. हाक (एक पालेभाजी), नदरू, राजमा, दम आलू, पनीर हे सगळं असतं. डलगेट-दुर्गानाग भागात शुद्ध शाकाहारी ढाबेही आहेत.

ऊन उतरल्यावर लाल मंडीचं एस. पी. एस. (श्री प्रताप सिंह) संग्रहालय, १८९८ सालचं. हारवनच्या मातीच्या फरश्या, पांद्रेठणची शिल्पं, जुन्या शाली, पेपर माशे. कुणी आवर्जून जात नाही, पण ऊन गेल्यावरची वेळ छपराखाली काढायची असली तर याहून बरी जागा नाही. मुलीला कंटाळा आला, आजी शालींच्या कपाटापुढून हलेनात.

आता शनिवार, म्हणजे गुलमर्ग. गोंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं आधीच ऑनलाइन काढलेली. वडिलांचं म्हणणं, पैसे भरलेत तर जाऊ या. आईचं म्हणणं, आजींना चार तास गाडीत बसवून तपकिरी गवत दाखवायचं? मी सुचवलं ते हे की बाप-लेकीने जावं आणि आई-आजी या दोघींनी शहरात राहावं. मराठी कुटुंबाला सहलीत वेगळं होणं म्हणजे भांडण झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे यावर शुक्रवारी रात्री बराच खल झाला. वेगळं होण्यात एक खरी अडचण होती, तीही बोलून दाखवते. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच चालतं. पोस्टपेड होतं फक्त वडिलांचं. शेवटी दोघींबरोबर जाणारा ड्रायव्हर हॉटेलच्या ओळखीचा घेतला आणि त्याचा नंबर वडिलांकडे ठेवला. पण हे ठाण्यात असतानाच सोडवायला हवं होतं. प्रत्येक मोठ्या माणसाकडे चालणारा फोन असेल तरच गट मोडावा.

गुलमर्गबद्दल थोडक्यात. वाटेत, घाटाच्या पायथ्याच्या टंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने देणारे अंगावर आले, ते घेण्याची गरज नव्हती. कुरण वाळलेलं. स्लेजवाले आणि घोडेवाले रिकामे बसलेले, भाव निम्म्यावर आणूनही गिऱ्हाईक नाही. गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगदूरीला वर गेल्यावर सावलीत जुन्या बर्फाचे मळके तुकडे होते. मुलीने त्याचाच गोळा करून बाबांना मारला, मग पंधरा मिनिटांनी "चला" म्हणाली. अफरवटकडे दुसरा टप्पा जवळजवळ चार हजार मीटरवर जातो. लहान मुलीला घेऊन तिथे विरळ हवेत जाण्यात काही कमाई नव्हती, ते गेले नाहीत. परतताना ती गाडीत झोपली.

दोघींचा दिवस मात्र भरगच्च झाला, आणि तोही फार न चालता. गाडीने थेट नौहट्ट्याची जामिया मशीद. आदल्या दिवशी शुक्रवार होता म्हणून ती मुद्दाम शनिवारी ठेवली होती. सुलतान सिकंदरच्या काळात १३९४ ला बांधायला घेतली, १४०२ ला पुरी झाली, पुढे तीनदा जळाली आणि तीनदा उभी राहिली. आत देवदारचे ३७८ खांब, एकेक खांब एकेका झाडाचा. आजी म्हणाल्या, "एवढं लाकूड आणि एक पणतीसुद्धा नाही." खरंच आहे, तीनदा जळालेल्या वास्तूत कोण पणती लावील? मग झेलमच्या काठचा शाह-ए-हमदानचा खानका (सूफी संताचं स्थान), बाहेरून आणि दारातून. कोरीव लाकूड, आणि आत पेपर माशेचे रंग. तिथून झैना कदलच्या तांबटांच्या दुकानांत समोवारवरची ठोकाठोकी बघत बसल्या. समोवार म्हणजे मधोमध निखाऱ्यांची नळी असलेला तांब्याचा चहाचा बंब. दुकानदाराने त्यातूनच नून चाय दिला, गुलाबी, मिठाचा. आईने एक घोट घेऊन खाली ठेवला, आजींनी दोन पेले घेतले.

पुढच्या गल्लीत एका दुकानावर माळा टांगलेल्या. सुकवलेला दुध्या, सुकवलेली वांगी, सुकवलेले टोमॅटो. याला होख स्यून म्हणतात. जम्मूहून येणारा महामार्ग आठवडेच्या आठवडे बंद असायचा तेव्हा काश्मिरी घर यावर हिवाळा काढायचं, आता महामार्ग बऱ्याच वेळा चालू असला तरी चव सुटलेली नाही. आजींनी उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालण्यात आयुष्य काढलेलं. आपण पावसाळ्याच्या बेगमीसाठी सांडगे घालतो, तसं हे. दुकानदाराकडून त्यांनी वांगं किती उन्हात किती दिवस ठेवायचं, मीठ लावायचं की नाही, हे सगळं मोडक्या हिंदीत विचारून घेतलं आणि अर्धा किलो घेतलं. आई सांगते की त्या दुकानात त्या पाऊण तास होत्या. माझ्या आराखड्यात या दुकानाचं नाव नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. मी फक्त दुपारचे तीन तास मोकळे ठेवले होते आणि गाडी जवळ उभी ठेवायला सांगितली होती.

चालण्याबद्दल एक सावधगिरी. जुन्या शहरातल्या सावलीतल्या गल्ल्यांत रात्री सांडलेलं पाणी गोठून फरशीवर दिसेनासा थर होतो. हिमवर्षावापेक्षा हा थर गुडघ्यांना जास्त धोक्याचा. अकराच्या आधी म्हाताऱ्या माणसाला त्या गल्ल्यांत नेऊ नये.

रविवारी विमान दुपारनंतर, पण श्रीनगर विमानतळावर टर्मिनलच्या आधीच गाडी आणि सामान एकदा तपासलं जातं, मग आत पुन्हा. तीन तास हाताशी ठेवावे लागतात. तरी सकाळी अर्धा तास मिळाला. मुलगी वडिलांबरोबर कोपऱ्यावरच्या कांदुराकडे गेली. कांदुर म्हणजे गल्लीतला भटारी. सगळी गल्ली तिथे रोटी घ्यायला उभी असते आणि बातम्याही तिथेच कळतात. तीळ लावलेला च्योचवोर आणि पातळ लवास घेऊन दोघं तंदूरच्या धगीजवळ उभे राहिले. तिथल्या शाळांना हिवाळ्याची लांब सुट्टी, म्हणून मुलीच्या वयाची दोन-तीन मुलं होती. त्यांनी तिला विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडतो का? तिने नाही म्हटलं आणि वर म्हणाली, "या वर्षी तुमच्याकडे पण नाही." यावर म्हणे सगळे हसले, कांदुरसुद्धा.

त्यांच्याकडून परत आल्यावर ज्या तक्रारी आल्या त्या अशा. मुलीसाठी आराखड्यात फार कमी होतं. शनिवारी तिला आजीबरोबर ठेवलं असतं तर तिचा दिवस जास्त बरा गेला असता, असं आता आईला वाटतं. पण तेव्हा हे तिला कुणी पटवू शकलं नसतं, गुलमर्ग डोळ्यांनी बघणं तिला भाग होतं. शंकराचार्य टेकडी राहिली, कारण पायऱ्या आजींना झेपणाऱ्या नव्हत्या आणि वेगळं व्हायला दुसरा दिवस नव्हता. हाउसबोटीवर राहायला न मिळाल्याचं वडिलांच्या मनातून गेलेलं नाही.

जानेवारीच्या अखेरीस बर्फ आला. फेब्रुवारीत इतका होता की लांबणीवर पडलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २१ ते २५ तारखेला गुलमर्गला पार पडल्या. वडिलांनी मला ती बातमी पाठवली, सोबत एक शब्दही नाही. ज्यांना बर्फच हवा आहे त्यांना मी आता फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा सांगते, आणि श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी येण्याऐवजी दोन रात्री गुलमर्गलाच राहायला सांगते, कारण हिमवर्षाव झाला की टंगमर्गच्या वर साखळ्या लावलेल्या गाड्याच जातात आणि त्यांची रांग लागते. विमान रद्द झालंच तर म्हणून परतीला एक मोकळा दिवस ठेवायचा. श्रीनगरचा मुक्काम धरून हे सगळं मिळून पाच रात्री होतात. या कुटुंबाकडे तीनच होत्या.